वाघ्याला रेनकोट घालायचा तर

आमच्या वाघ्या कुत्र्याला पहिला रेनकोट आणला तेव्हा मृग लागून चार दिवस झाले होते. पिवळाधमक, टोपीवाला, पोटाखालून पट्टा. अंगावर चढवल्यावर तो पडवीत पागोळ्यांकडे तोंड करून पाच मिनिटं जागचा हलला नाही. ‘बघा कसा शहाण्यासारखा उभा आहे’ म्हणत आम्ही हौसेने फोटो काढले. संध्याकाळी लक्षात आलं, हा सकाळपासून मुतलेलाच नाही. पोटाखालचा पट्टा नेमका नको तिथून जात होता आणि तो घाबरून ताठला होता. रेनकोट काढताच खळ्यातल्या माडाकडे धावला आणि बराच वेळ पाय वर करून उभा राहिला.

तेव्हापासून जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

आधी गरज आहे का ते बघा

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडासा येतो, बाकी सगळी भिस्त जिभेवर. तो धापा टाकतो, तोंडातली ओल हवेत उडते आणि अंग निवतं. आपल्याकडची, कोकणातली हवा मुळातच ओलीगच्च, त्यामुळे ही ओल लवकर उडत नाही. त्यात अंगावर कपडा म्हणजे उकाड्यात घोंगडी. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापही नीट टाकता येत नाही.

गणपतीत माझा भाचा मुंबईहून पगला घेऊन मालवणला आला. पगच्या अंगात जरीकाठी सॅटिनचा कुर्ता. पावसाने उघडीप दिलेली, ऊन मी म्हणत होतं. आरतीला सगळे ‘किती गोड’ म्हणत असताना आईने मागून आवाज दिला, “अरे, तेका उकडता, काढ ता आधी!” कुर्ता काढल्यावर कुत्रं थेट ओटीवरच्या गार लादीवर पोट टेकून पसरलं. सणाला सजवायचंच असेल तर गळ्यात सुती रुमाल सैलसर बांधा, फोटो झाला की सोडा.

कपडा खरोखर उपयोगी पडतो तो मोजक्या वेळी. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कुत्र्याला दिवसातून दोनतीनदा बाहेर न्यावंच लागतं. म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या किंवा अगदी तोकड्या केसांच्या कुत्र्याला तेवढ्यापुरता रेनकोट बरा. दापोलीकडे थंडीत पहाटे चांगलंच गारठतं, तिथे म्हातारा कुत्रा स्वेटरला नाही म्हणणार नाही. ऑपरेशननंतर टाके चाटू नयेत म्हणून घालतात तो अंगरखा डॉक्टर सांगतील तसा. धडधाकट गावठी कुत्र्याला यातलं काही लागत नाही. तो भिजतो, अंग झाडतो, चुलीपाशी जाऊन बसतो.

माप घ्या

शिंप्याची टेप घ्या आणि तीन मापं लिहून ठेवा: गळ्याचा घेर, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, आणि मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ. छातीचं माप सगळ्यात महत्त्वाचं. दुकानातल्या ‘मीडियम’वर जाऊ नका. घातल्यावर गळ्याशी आणि छातीशी दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. नराचा कपडा पोटाखाली आखूड हवा, का ते वर सांगितलंच. लोंबणारे गोंडे, मणी, बटणं आधीच कापून टाका, नाहीतर ती चावून गिळली जातात. टोपी तर हवीच कशाला? कान झाकले की कुत्रा बावचळतो.

आता ओळख करून द्या

इथे लोक घाई करतात. कपडा नवा असेल तर एकदा धुवा, म्हणजे दुकानाचा वास जाईल. मग तो जमिनीवर पसरून ठेवा, शेजारी उकडलेल्या अंड्याचे चारदोन तुकडे टाका आणि बाजूला व्हा. त्याला हुंगू दे. दुसऱ्या दिवशी पाठीवर नुसता टाका, खाऊ द्या, काढून घ्या. वेल्क्रोचा ‘खर्र’ आवाज पुष्कळ कुत्र्यांना सहन होत नाही, म्हणून आधी तो लांबून ऐकवा, आवाजापाठोपाठ खाऊ.

मग गळ्याची पाळी. कपड्याचा गळा हातात धरा, पलीकडून तुकडा दाखवा. डोकं त्याने स्वतःहून घालावं. नाही घातलं तर त्या दिवशी तिथेच थांबा. वाघ्याला आठ दिवस लागले, आणि सहाव्या दिवशी मीच कंटाळलो होतो. पाय घालताना पंजा धरून बाहेरच्या बाजूला ओढू नका. चालताना पाय जसा पुढे दुमडतो तसाच दुमडून आत सारा. पाय घालायची भानगडच नसलेली, पाठीवर टाकून छातीशी बांधायची झूल त्याहून सोपी. पहिल्यांदा एक मिनिट पुरे.

तो काय सांगतोय ते वाचा

भूक नसताना जीभ नाकावरून फिरवणं, झोप नसताना जांभई, तोंड वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, कान मागे, शेपूट पायांत, किंवा आमच्या वाघ्यासारखं पुतळा होणं. यातलं काहीही दिसलं तर कपडा काढा. गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरणं दाबलं की पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. अंगात कपडा असून तो नेहमीसारखा चालतो, हुंगतो, खाऊ मागतो, तर जमलं म्हणायचं.

धापा थांबेनात, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या किंवा चाल अडखळली तर उष्माघात समजा. कपडा काढा, सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओतत राहा, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. ओलं फडकं अंगावर तसंच पांघरून ठेवू नका, आत उष्णता कोंडते.

घरी आल्यावर

रेनकोट दारातच उतरवा. आत वाफ कोंडून केस ओले झालेले असतात, त्यामुळे जुन्या पंच्याने काखा, मांड्यांचा सांधा आणि पंजाच्या बोटांमधल्या जागा पुसून काढा. तिथेच लाली आणि बुरशी सुरू होते. त्याच वेळी कानामागे आणि गळ्याशी बोटं फिरवून गोचीड बघा, कपड्याखाली तो झाकला जातो. रात्री अंगावर काहीही ठेवू नका. एकटा सोडून जातानाही नको, कुठे कुंपणाला अडकला तर सोडवणार कोण?

राहिला कपडा. आपल्याकडे श्रावणात माणसांचेच कपडे वाळत नाहीत, तर याचे कुठून? अर्धवट ओला, कुबट कपडा परत चढवण्यापेक्षा कुत्रा भिजलेला परवडला. मी दोन झुली शिवून घेतल्यात, एक अंगावर, एक पंख्याखाली. पिवळा रेनकोट पडवीतल्या फळीवर पडून होता. सध्या त्यात कोंबडी अंड्यावर बसली आहे.