रिंगलाईट राहू द्या, आधी दार उघडा: घरच्या उजेडात दोस्तांचे फोटो

दोस्तांचे फोटो काढायचे म्हणून रिंगलाईट मागवायची काही गरज नाही राव. पहिलं काम म्हणजे घरातले ट्यूब, बल्ब बंद करायचे, सगळे. लोकं नेमकं उलटं करतात, अंधार वाटला की अजून एक लाईट लावतात, मग बाहेरचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा, चेहरा अर्धा असा अर्धा तसा आणि फोनला कळतच नाही खरा रंग कुठला धरायचा, ते नंतर एडिट करून पण नीट निस्तरत नाही. उजेड एकाच बाजूनं आला पाहिजे, बाकी सगळं नंतर.

आता तो आणायचा कुठून? आपल्याकडं उन्हाळा लागला की घरातली सगळ्यात मोठी खिडकी कूलरनं अडवलेली, पाऊस पडेपर्यंत ती आपली नाहीच. म्हणून मी म्हणतो खिडकी सोडा, पुढचं दार बघा. उजेड येण्याची जागा जेवढी मोठी आणि माणूस तिच्या जेवढा जवळ तेवढ्या सावल्या मऊ, आणि घरात दारापेक्षा मोठी जागा सहसा नसतेच. दोस्ताला उंबरठ्याच्या आत दोन-तीन फुटांवर बसवा, ऊन अंगावर येणार नाही पण बसल्या जागेवरून बाहेरचं आभाळ दिसलं पाहिजे. आभाळ दिसलं की डोळ्यात तो पांढरा ठिपका येतो, तो नसला की चांगला हसरा माणूस पण झोपेतून उठवल्यासारखा दिसतो. खोलीत अजून मागं नेलात तर उजेड लई झपाट्यानं उतरतो, आपल्या डोळ्याला जाणवत नाही पण कॅमेऱ्याला लगेच जाणवतं.

कुठल्या कोनात बसवायचं हे कळत नसेल तर आपलीच मूठ चेहऱ्याच्या उंचीवर धरायची आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरायचं, मुठीवरची सावली बघत. दाराकडं तोंड केलं की मूठ सपाट दिसते, थोडं वळलं की बोटांच्या मधल्या खाचा उठून दिसायला लागतात, पूर्ण आडवं झालं की अर्धी मूठ काळी. साधारण मधली जागा पकडा. दोस्ताचं नाक उजेडापासून थोडं वळवत न्या, पलीकडच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरला की थांबा. त्याला रेम्ब्रांट लाईट म्हणतात, १७व्या शतकातल्या डच चित्रकाराच्या नावावरून.

गावाकडं जुना वाडा असेल तर नशीब समजा, ढाळजेत किंवा ओसरीवर अख्खा दिवस फोटो काढता येतात. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या खोलीत मात्र उजेड वरच्या सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून सरळ डोक्यावर पडतो, दिसायला भारी पण डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, तिथं हनुवटी थोडी वर करायला सांगा आणि मांडीवर पांढरं धोतर नाहीतर टॉवेल पसरा, खालून उजेड परत चेहऱ्यावर येतो. वरून उजेड घेणं तसं नवीन नाही. सहाव्या निजामाचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांच्या काळात, म्हणजे आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा, स्टुडिओला काचेचं छत ठेवून उजेड घ्यायची पद्धतच होती.

उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली हे सगळेच सांगतात, कारण तिच्यातून थेट ऊन येत नाही. पण मराठवाड्यात मे महिन्याच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत दुपारी सूर्य डोक्याच्याही उत्तरेला सरकतो, तेव्हा त्या खिडकीत पण ऊन येऊ शकतं. अशा वेळी पातळ पांढरा पडदा लावा. तसं बघितलं तर ढगाळ पावसाळी दिवसासारखा उजेड नाही, आणि उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत उरका, नंतर कपाळ घामानं चकाकतं आणि दर दोन फोटोला दस्तीनं तोंड पुसत बसावं लागतं.

भिंतीचा रंग बघायचा विसरू नका. हिरव्या भिंतीला खेटून बसवलं की त्या बाजूचा गाल हिरवा दिसतो. भिंतीपासून चार-पाच फूट पुढं घ्या, मागचं कॅलेंडर अन् चार्जरच्या वायरी काढा. सावलीची बाजू लई काळी वाटली तर तिकडून पांढरी चादर धरायला कुणाला तरी उभं करा. उलट चेहरा करारी पाहिजे असेल, दाढी-मिशीवाला गडी असेल, तर चादरीच्या जागी काळी घोंगडी धरा, सावली अजून गडद होते. हे करून बघाच.

फोनमध्ये चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो, मग बोट किंचित खाली ओढून उजेड कमी करा. पांढरा शर्ट असेल तर हे लागतंच. ब्युटी मोड बंद! सावळ्या माणसाला पांढरं करून काय मिळतं काय की. दोघं असतील तर सावळ्याला उजेडाच्या बाजूला बसवा. जवळ जाऊन फोटो काढू नका, नाक मोठं दिसतं, दोन पावलं मागं सरका आणि २एक्स करा. साध्या फोनात ते नुसतं क्रॉप असलं तरी चालतं, कारण चेहऱ्याचा आकार आपण किती लांब उभे आहोत त्यावर ठरतो. कॅमेरा असेल तर ५० एमएमची लेन्स, अपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं) एफ/२ ते एफ/२.८, शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू नको, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) ८०० झाला तरी घाबरू नका.

आणि "स्माईल" म्हणू नका. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर धरून नुसतं बोलत राहा, गडी वैतागून "काय करायलास, काढ की लवकर" म्हणतो आणि स्वतःच हसतो, तेवढ्यात बटण दाबा. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की क्वालिटी पार जाते.