दिव्यांग लेकराला घेऊन ठाणे-नवी मुंबईत येताय?

गावाकडून इकडे येताना बहुतेकांच्या मनात एकच असतं: मोठं शहर आहे, तिथे सगळं मिळेल. मिळतं, पण एका जागी मिळत नाही. डॉक्टर कळव्याला, थेरपी वाशीला, दाखला ठाण्याला आणि शाळा घराजवळ. यातलं कुणीही दुसऱ्याला फोन करत नाही. फिटच्या औषधाचा डोस वाढवलाय हे डॉक्टर शाळेतल्या बाईंना कळवणार नाहीत, आणि पोर दुपारनंतर वर्गात पेंगतं हे बाई डॉक्टरांना सांगणार नाहीत. ते आईबापांनीच इकडून तिकडे पोचवायचं. माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही. परभणीहून ऐरोलीला आल्यापासून मी हेच करत आलेय, आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला आधी हेच सांगते.

निघण्यापूर्वी गावाकडच्या दवाखान्यातून जन्माच्या वेळचे कागद मागून घ्या. बाळ लगेच रडलं का, वजन किती होतं, पेटीत ठेवलं होतं का, हे इथला प्रत्येक डॉक्टर विचारतो. लेखी मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, त्यामुळे संकोच करू नका.

घर भाड्याने घेताना एक गोष्ट नक्की बघा. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे सगळं रायगड जिल्ह्यात. लोक दोन्हीला नवी मुंबईच म्हणतात, पण दिव्यांग प्रमाणपत्राचं काम पत्त्याच्या जिल्ह्याप्रमाणे चालतं, आणि रायगडचं जिल्हा रुग्णालय थेट अलिबागला. म्हणून आधारवरचा पत्ता आधी इथला करून घ्या, मग यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं.

मुलांसाठी सरकारची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही योजना आहे. तिची सुरुवात 2013 मध्ये पालघरलाच झाली होती, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी तिच्यात होते. जिल्हा रुग्णालयात तिच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे लहान वयातच उपचार आणि थेरपी सुरू करणाऱ्या केंद्राची, चौकशी करा. नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र वाशीला आहे, तिथे शिक्षण आणि थेरपी एकाच छताखाली. बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर खारघरला त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. मोठ्या तपासण्यांसाठी मुंबईतलं परळचं वाडिया किंवा सायन हॉस्पिटल गाठावं लागतं. लोकलला दिव्यांगांचा वेगळा डबा असतो, मुलासोबत तुम्हीही त्यातून जा.

आता हॉस्पिटलबद्दल. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात असेल तर दाराबाहेर नुसतं बसून राहू नका. काळजीत आईबापांना सामील करून घ्यावं अशी मार्गदर्शक सूचना केंद्राने 2017 मध्ये काढली आहे. छातीशी धरून कांगारू केअर द्यायची का, दूध पाजणं शिकवाल का, हे सिस्टरांना रोज विचारा. सिस्टर दमलेल्या असतात, म्हणून आवाज न चढवता विचारा, पण विचारा.

थेरपी सुरू झाली की पालकांना बाहेरच्या बाकावर बसवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. आत बसू द्या म्हणून आग्रह धरा. थेरपिस्टच्या हाताखाली मूल आठवड्यातून दोन-तीन तास असतं, बाकीचा सगळा वेळ घरी. आमच्या ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी थेरपी) मॅडमनी मला जेवण भरवणं बंद करायला लावलं. चमच्याच्या दांड्यावर जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळून तो जाड करायचा, ताटलीखाली ओलं फडकं ठेवायचं म्हणजे ती सरकत नाही, आणि मी समोर न बसता मागे बसून फक्त कोपराला आधार द्यायचा. वरण अंगावर सांडायचं, जेवायला तास लागायचा. आज ती आपल्या हाताने वरणभात खाते. मी बाहेर बाकावर बसले असते तर हे मला कळलंच नसतं.

फिट येत असतील तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. घरातल्या दुसऱ्याला मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा, वेळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल. तो व्हिडिओ डॉक्टरांना तुमच्या शंभर शब्दांपेक्षा जास्त सांगतो.

शाळेत ‘आमच्याकडे अशी मुलं नसतात’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. आम्हीही ऐकलं. नकार लेखी मागा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 6 ते 18 वर्षांच्या पात्र मुलांना जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. महापालिकेच्या शिक्षण विभागात समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक कोण ते विचारा. तीव्र दिव्यांगत्व असेल तर घरी येऊन शिकवण्याची सोयही आहे. प्रवेशानंतर मुलाचा आयईपी, म्हणजे या वर्षी नेमकं काय शिकवायचं त्याचा आराखडा, बसून ठरवा. त्या बैठकीला थेरपिस्टची चिठ्ठी न्या: कुठल्या खुर्चीवर बसवायचं, लिहायला किती वेळ द्यायचा. ‘प्रगती व्हावी’ असं मोघम लिहू देऊ नका. ‘दिवाळीपर्यंत दप्तरातून डबा स्वतः काढेल’ असं लिहायला लावा. पुढे दहावीला लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, त्याचा अर्ज शाळेमार्फत वेळेत जायला हवा.

पैशांचं थोडक्यात: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर निरामय हा सरकारी आरोग्य विमा काढा, एक लाखापर्यंतचं कवच, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. जुन्या करप्रणालीत आयकर भरत असाल तर 80डीडी म्हणून ओळखली जाणारी 75,000 ची वजावट मिळते, 80 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर 1,25,000.

आणि बाबांनो, हे वाचून मोबाइल बायकोकडे देऊ नका. महिन्यातून एका सेशनला तरी तुम्ही जा. आमच्याकडे रात्रीचं पायांचं स्ट्रेचिंग तिचे बाबाच करतात. ते शिकायला सुट्टी टाकून तेच गेले होते.