माळ घातल्यावर पोट डब्ब होतंय? मग आधी हे करून बघा

आमच्या ह्यांनी आषाढीला पंढरपुरात माळ घातली. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याकडचे, सोमवार गुरुवार शनिवार सोडला तर ताटात मासा असायचाच, आणि माळ घातली म्हणजे त्या दिवसापासून मासे, मटण, अंडं सगळं बंद, त्यात हळूहळू वगैरे काही नसतं. मला वाटलं मासे सुटले आता अशक्तपणा येणार, म्हणून मी सकाळी मटकीची उसळ, दुपारी चवळी, रात्री राजमा नाहीतर छोले, वर पनीर आणि झोपताना ग्लासभर दूध असा धडाका लावला. आठ दिवसांत ह्यांचं पोट नगाऱ्यासारखं, करपट ढेकर, रात्रभर गुडगुड, आणि एकदा रात्री दोनला छातीत दुखायला लागलं म्हणून रिक्षा करून हॉस्पिटल गाठलं. ईसीजी नॉर्मल आला, गॅसच निघाला. पण छातीत दुखलं तर घरी बसून गॅस आहे असं ठरवू नका, दाखवूनच या, हे आधीच सांगते.

त्यानंतर हे म्हणायला लागले की मला शाकाहार मानवत नाही. तसं नव्हतं ते. मासे एका दिवसात सोडावे लागतात हे खरं, पण कडधान्य एका दिवसात तिप्पट करा असं कुणी सांगितलेलं नसतं, चूक तिथे होते.

कारण समजलं की पुढचं सोपं जातं. मासे-मटणात चोथा म्हणजे फायबर अजिबात नसतं, आणि सालीसकट अख्ख्या कोरड्या कडधान्यात 100 ग्रॅमला साधारण 15 ते 25 ग्रॅम असतं. शिवाय कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात, त्या फोडणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसतंच, मग त्या न पचता मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जंतू त्या आंबवतात, त्याचा वायू होतो. म्हणजे थोडा गॅस सगळ्यांनाच होणार, तो आजार नाही. जंतूंना नवीन खाण्याची सवय व्हायला काही आठवडे जातात, तेवढा वेळ द्या.

आता करायचं काय. पहिले आठ-दहा दिवस फक्त डाळी, त्यातही मूगडाळ आणि मसूरडाळ, कारण साल निघाल्यामुळे चोथा बराच कमी होतो. मऊ खिचडी, वरणभात, वर तूप, एका वेळी अर्धी वाटी डाळ पुरे. पोट शांत राहिलं की मोड आलेले मूग, मग मटकी, मग चवळी आणि वाल, आणि वाटाणा, छोले, राजमा अगदी शेवटी, तेही आठवड्यातून एकदा आणि दुपारीच. रात्री वातूळ काही नको. एका दिवसात दोन कडधान्यं नकोत. आणि एखादं बाधलं तर कायमचं सोडू नका, पंधरा दिवसांनी दोन चमचे खाऊन परत बघा.

भिजवण्याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण निम्मा फरक तिथेच पडतो. घाईत दोन तास गरम पाण्यात टाकून कुकरला लावायची सवय मलाही होती, ती सोडली. आठ-दहा तास भिजवायचं, मध्ये एकदा पाणी बदलायचं, आणि भिजवलेलं पाणी सत्त्व जाईल म्हणून ठेवायचं नाही, फेकून द्यायचं, त्या न पचणाऱ्या साखरा थोड्याफार त्या पाण्यात उतरलेल्या असतात. मोड आणले तर आणखी कमी होतात, कारण अंकुर वाढताना त्याच साखरा वापरतो. वालाचं बिरडं करतात ते आठवा, रात्री भिजवलेले वाल सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेरापेक्षा थोडे कमी मोड आले की कोमट पाण्यात घालायचे, मग अंगठा आणि बोटात धरून दाबलं की पांढरा दाणा सुळकन बाहेर येतो आणि साल हातात राहते. तासभर जातो, नखं काळी होतात, पण साल गेल्यामुळे हेच वाल ह्यांना बाधत नाहीत आणि नुसत्या चवळीने पोट फुगतं. शिजवताना दाणा चिमटीत दाबला तर लोण्यासारखा चेपला पाहिजे, आतून टणक लागला तर अजून दोन शिट्ट्या. राजम्याबाबत तर अजिबात कच्चेपणा नको, कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, नीट उकळला नाही तर उलट्या-जुलाब होतात. सोडा टाकून लवकर शिजतं पण बी 1 जीवनसत्त्व नासतं म्हणून मी टाकत नाही. फोडणीत हिंग-जिरं, वालाला ओवा, आणि आमसूल.

दुसरी गोष्ट दुधाची. माशाच्या जागी दूध-पनीर वाढवलं आणि ढवळायला लागलं तर दोष शाकाहाराचा नाही, आपल्याकडे मोठेपणी दुधातली साखर न पचणारे खूप जण आहेत. आठवडाभर दूध बंद करून दही-ताकावर या, विरजलं की ती साखर कमी झालेली असते. आमच्याकडे जेवणानंतर हिंग-जिऱ्याचं पातळ ताक सुरू केलं आणि रात्रीचं दूध बंद, तेवढ्याने रात्रीची गुडगुड थांबली.

भातवाल्या माणसाने एकदम चार-चार चपात्या सुरू केल्या तरी पोट जड होतं, कारण गव्हात आणि कांदा-लसणातही वायू धरणारे घटक असतात. एक वेळ भात राहू द्या, भाताने काही बिघडत नाही. कोबी-फ्लॉवर कच्चा नको, दुधी, पडवळ, दोडका, लाल भोपळा या भाज्या पहिल्या महिन्यात चांगल्या.

काही जणांना उलट होतं, शौचाला खडा होतो. चोथा वाढवला आणि पाणी तेवढंच ठेवलं की असं होणारच, तर पाणी वाढवा, आणि जेवल्यावर लगेच आडवं न होता शतपावली घाला. एकादशीला खास जपा, साबुदाण्याची खिचडी, बटाटा, दाणे हे सगळं एकदम झालं की द्वादशीला पोट बिघडतं. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात तसं करू नका, वरीचे तांदूळ आणि ताक एवढ्यावर ह्यांची एकादशी छान जाते.

चार-सहा आठवड्यांनीही उतार पडला नाही, शौचातून रक्त पडलं, शौच डांबरासारखं काळं झालं, वजन आपोआप उतरायला लागलं, ताप राहिला किंवा दुखण्याने रात्री झोप मोडायला लागली तर डॉक्टर गाठा, हिंग-ओव्यावर थांबू नका. चपाती खाल्ली की दर वेळी जुलाब होत असतील तर गव्हाची ॲलर्जी असं स्वतः ठरवून गहू बंद करू नका, आधी तपासणी करून घ्या, कारण गहू बंद केल्यावर केलेली सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची, तपासणी चुकीची येऊ शकते.

आणि बी 12. ते डाळ-भाजीतून मिळत नाही, दूध-दह्यातून थोडं मिळतं, आणि शरीरात आधीचा साठा असल्यामुळे कमी झालेलं लगेच कळत नाही, मग हातापायाला मुंग्या, थकवा असं सुरू होतं. वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर घ्या. ह्यांनी आधी विचारलं की गोळी माळेला चालेल का. बी 12 जंतूंपासून तयार करतात, मांसापासून नाही, फक्त कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असू शकतं, म्हणून मी मेडिकलवाल्याला साधी गोळी मागते.