आरक्षण शिकवताना सुरुवात कुठून करावी

मराठवाड्यातील महाविद्यालयात आरक्षण हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकाने पहिल्याच तासाला ‘आरक्षण असावे की नसावे’ हा प्रश्न फळ्यावर लिहू नये. मराठा आरक्षणासाठी झालेल्या अंतरवाली सराटीच्या उपोषणाच्या काळात घराघरांत झालेल्या चर्चा ऐकलेली आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळात आजी-आजोबांनी काय सोसले ते ऐकत वाढलेली मुले एकाच वर्गात बसलेली असतात. त्यांच्याकडे मते भरपूर असतात, आकडे थोडे. म्हणून सुरुवात आकड्यांपासून करावी.

शंभर जागांचा एक काल्पनिक अभ्यासक्रम घेऊन जागांचे वाटप मुलांकडूनच करून घ्यावे: अनुसूचित जाती 13, अनुसूचित जमाती 7, इतर मागासवर्ग 19, विमुक्त जाती 3, भटक्या जमातींचे तीन गट मिळून 8 आणि विशेष मागास प्रवर्ग 2, म्हणजे 52. त्यात 2019 च्या घटनादुरुस्तीने आलेले आर्थिक दुर्बल घटकांचे 10 आणि 2024 च्या कायद्याने मराठा समाजाला दिलेले 10 मिळवले की बेरीज 72 होते. येथे कोणीतरी एकूण आरक्षणावरील 50 टक्क्यांच्या मर्यादेविषयी विचारतेच. न विचारल्यास तास फसला असे समजावे. त्या वेळी ही मर्यादा घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा 1992 चा इंद्रा साहनी निकाल, त्याच मर्यादेपाशी 5 मे 2021 रोजी रद्द झालेला 2018 चा मराठा आरक्षण कायदा आणि आर्थिक निकषावरील आरक्षण 2022 मध्ये बहुमताने वैध ठरवणारा निकाल, हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

उरलेल्या 28 जागांवर मात्र पूर्ण एक तास द्यावा, कारण सर्वांत मोठा गैरसमज तेथेच असतो. गुणांची एक काल्पनिक यादी देऊन प्रवेश भरायला सांगितले की, खुल्या जागा कोणत्याही एका समाजाच्या नसतात आणि गुणवत्तेवर वर आलेली अनुसूचित जातीची विद्यार्थिनी आधी तेथेच बसते, हे मुलांना स्वतःच दिसते. या यादीत नावे न घालता फक्त क्रमांक घालावेत. आपल्याकडे आडनाव पुरेसे बोलते. वर्गातील कोणालाही त्याचा प्रवर्ग विचारू नये.

इतिहास सांगताना कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी नोकऱ्या राखून ठेवणाऱ्या शाहू महाराजांच्या 26 जुलै 1902 च्या आदेशाबरोबर निजामी राजवटही शिकवावी. 1948 पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात असल्यामुळे मराठा कुटुंबांना इतर मागासवर्गात नेणाऱ्या कुणबी नोंदींचा शोध उर्दू आणि मोडी कागदपत्रांपर्यंत जातो, आणि 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयात हैदराबाद गॅझेटियर का आले, हे त्याशिवाय उलगडत नाही.

शेवटचा तास कागदपत्रांसाठी राखावा. जातीचे प्रमाणपत्र आणि जात पडताळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तसेच नॉन क्रिमीलेअरसाठी, म्हणजे मागासवर्गातील सधन कुटुंबांना वगळणाऱ्या अटीसाठी, वार्षिक उत्पन्नाची 8 लाखांची मर्यादा मोजताना पगार आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही, हे शेतकऱ्यांच्या कित्येक मुलांना प्रवेशाच्या रांगेत उभे राहीपर्यंत माहीत नसते.