कसम परेडला जाण्यापूर्वी शपथ कशी वाचावी

नवी मुंबईतल्या कोपरखैरणे आणि घणसोलीच्या माथाडी वसाहतींत सातारा-सांगलीकडची कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यांची मुले आजही फौजेत जातात. मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत असेल, तर कसम परेडसाठी, म्हणजे प्रशिक्षण संपताना जवान शपथ घेतात त्या संचलनासाठी, बेळगावला जायची तयारी घरात आठवडाभर आधीच सुरू होते. शपथेचा मजकूर मात्र क्वचितच कोणी वाचतो. तो निघण्यापूर्वी एकदा शांतपणे, तुकड्या-तुकड्याने वाचावा.

हा मजकूर 1954 च्या आर्मी रूल्समध्ये दिलेला आहे. शपथ ईश्वरसाक्ष घेता येते किंवा ईश्वराचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञाही करता येते; दोन्हींचे वजन सारखेच. पुढचा तुकडा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तेथे थांबावे: जवान खरी श्रद्धा आणि निष्ठा वाहतो ती कायद्याने प्रस्थापित झालेल्या भारताच्या संविधानाला. इंग्रजी अमदानीत हीच निष्ठा राजाला वाहिलेली असे. म्हणूनच 1945 साली लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांच्यावर राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा खटला चालला, आणि देशाच्या मुक्तीसाठी लढणाऱ्याला परक्या राजाची निष्ठा कशी बांधून ठेवील, असा युक्तिवाद त्यांचे वकील भुलाभाई देसाई यांना करावा लागला. राजा आणि देश यांतली ही ओढाताण आजच्या जवानाच्या वाट्याला येत नाही, हे मुलाला आवर्जून सांगावे.

त्यानंतर प्रामाणिक सेवेचे आणि जमीन, समुद्र वा हवाई मार्गाने पाठवतील तेथे जाण्याचे वचन येते. त्यावर फार बोलण्यासारखे काही नाही. शेवटी राष्ट्रपतींच्या आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या आज्ञा, प्रसंगी जिवावर बेतले तरी, पाळण्याची हमी आहे. येथे संविधानाचा अनुच्छेद 53 जोडून वाचावा, कारण संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य त्याने राष्ट्रपतींकडे सोपवले आहे. तसेच 1950 च्या आर्मी अ‍ॅक्टच्या कलम 41 मध्ये अवज्ञेचा गुन्हा सांगताना कायदेशीर आज्ञेचाच उल्लेख आहे, हेही नजरेआड करू नये. अग्निवीराची मुदत चार वर्षांची असली तरी याच कायद्याखाली तो बांधलेला असतो.

या निष्ठेचा एक भाग घरच्यांनाही सांभाळावा लागतो. जवानाला राजकीय पक्षाच्या कार्यात भाग घेता येत नाही. त्यामुळे चौकातल्या अभिनंदनाच्या बॅनरसाठी कोणी कार्यकर्ता वर्दीतला फोटो मागायला आला, तर चहा पाजून नम्रपणे नकार द्यावा. प्रचारात सैनिकांची छायाचित्रे वापरू नयेत, असे निवडणूक आयोगानेही 2019 मध्ये पक्षांना बजावले होते. मतदानाचा हक्क मात्र जवानाकडे राहतो. सेवा मतदार म्हणून नोंदणीचा अर्ज त्याने आपल्या युनिटमार्फत भरावा आणि कोपरखैरण्याच्या यादीत सामान्य मतदार म्हणून त्याचे नाव आधीपासून असेल, तर ते दोन्हीकडे राहणार नाही याची काळजी घ्यावी.