फुले योजनेत ऑपरेशन करायचंय? आधी आरोग्यमित्राला गाठा

सगळ्यात आधी एक, ही महात्मा फुले जन आरोग्य योजना, म्हणजे राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना, कुठल्याही दवाखान्यात चालत नाही, यादीतलंच हॉस्पिटल लागतं, आणि त्यातही तुमचा आजार तिथे मंजूर आहे का ते विचारायचं, म्हणजे हार्टसाठी यादीत असलेल्या ठिकाणी किडनीचं होईलच असं नाही. टोल फ्री १५५३८८ ला फोन लावला की कळतं.

मग गेल्या गेल्या बिलिंग काउंटरला न जाता आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम बघायला हॉस्पिटलमध्ये बसवलेल्या माणसाचा, टेबल शोधा. रेशनकार्ड आणि आधार ओरिजिनल न्या, झेरॉक्सही ठेवा, आणि दोन्हीवरची नावं आधीच ताडून बघा. आमच्या मामांचं नाव रेशनकार्डावर "बाळू" आणि आधारवर "बाळासाहेब", झालं, दोन दिवस त्यातच गेले!

कागद अपलोड झाले की प्रीऑथ, म्हणजे उपचाराआधी मंजुरी मागणारी विनंती, जातं, मंजुरी येईपर्यंत थांबावं लागतं. इमर्जन्सी असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन ट्रीटमेंट सुरू होते, कागद मागाहून दिले तरी चालतात, म्हणून "आधी डिपॉझिट भरा" म्हटलं की लगेच पाकीट काढू नका. मामांच्या वेळी स्टेंटचे "वरचे" पैसे मागितले होते, मी म्हटलं पावतीवर लिहून द्या, मग विषयच बंद झाला.

कव्हर कुटुंबाला मिळून वर्षाला ५ लाख. आणि डिस्चार्जला घरी जायचं एसटीभाडं पॅकेजमध्येच असतं, ते मागा, लाजू नका.