खडपावर जायचंय? आधी तिथी बघा, मग गाडी ठरवा

मागच्या हिवाळ्यात आमच्या मंडळाची मालवणची किनारा-फेरी मी आखली होती. सतरा सीटर गाडी, चौदा माणसं, त्यात तीन पोरं. रात्री एकला कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरून निघालो आणि सकाळी सातला रॉक गार्डनला पोचलो. खडप, म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा किनाऱ्यावरचा कातळ, पाण्याखाली. जो कातळ वर उरला होता तो कायमच कोरडा असतो. त्यावर बारीक काळ्या गोगलगायी आणि सिगरेटची थोटकं, एवढंच. चहाच्या टपरीवरच्या काकांनी आमच्या गळ्यातली भिंगं न्याहाळली आणि म्हणाले, "आज दशमी मा? दुपारपर्यंत काय एक दिसाचा नाय." पाणी उतरणार होतं दीडच्या सुमाराला. गाडी परत निघायची होती साडेबाराला. एक पोरगी चार वेळा विचारून गेली, "काका, समुद्रफूल कुठाय?" (फुलासारखा दिसणारा, कातळाला चिकटून राहणारा समुद्रजीव.) मी तिला भडंग दिलं.

तर यंदा ज्याच्या गळ्यात हे काम पडलंय त्याच्यासाठी लिहितोय. आधी ओहोटी बघायची. गाडी, नाष्टा, वर्गणी सगळं त्यानंतर.

आमची चूक कुठून झाली ते सांगतो, कारण तुमचीही तिथूनच होणार. आपण कोल्हापूरकर कळंब्याला, रंकाळ्याला पक्षी बघायला जाऊन शिकलेली माणसं. पहाटे जा, पक्षी दिसतात, हा नियम अंगात मुरलाय. रंकाळ्याला भरती-ओहोटी नसते. समुद्राला तुमच्या पहाटेशी काही देणंघेणं नाही. त्याचं घड्याळ चंद्रावर चालतं आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकतं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. कोकणात ओहोटीला सुकती म्हणतात, पाणी सुकतं म्हणतात. तिथं फोन करून विचारणार असाल तर हाच शब्द वापरा, उत्तर लवकर मिळतं.

कोळी लोकांचा हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. दशमी म्हणजे दहा गुणिले पाऊण, साडेसात. म्हणजे आम्ही बरोब्बर तुडुंब भरतीला जाऊन उभे राहिलो होतो, ठरवूनसुद्धा इतकं नेमकं जमलं नसतं. तृतीया असती तर तीन गुणिले पाऊण, सव्वादोन. त्याच्या सहा तास आधी ओहोटी, म्हणजे सकाळी आठच्या आसपास. सूत्र ढोबळ आहे, अर्धा-एक तास मागेपुढे होतो. म्हणून त्यावर फक्त तारीख काढा आणि मग त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा. तक्ता मालवणचा किंवा जवळच्या बंदराचा हवा. मुंबईचा बघून चालत नाही. वेळ वेगळी, आणि मालवणकडे पाण्याची चढउतारही मुंबईपेक्षा बरीच कमी.

नुसती वेळ बघूनही भागत नाही. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. आम्ही दीडपर्यंत थांबलो असतो तरी हात-दोन हात जास्त कातळ दिसला असता, बस्स. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. खडपाचा खालचा भाग, जिथं खरी मजा आहे, तो तेव्हाच उघडा पडतो. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया. पाणीही खोल उतरतं आणि उतरायची वेळही माणसात असते. तक्त्यात वेळेशेजारी उंचीचा आकडा असतो, तोही वाचा. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. आकडा जितका लहान तितकं उत्तम. रविवार आणि तृतीया एकत्र येत नसेल तर रविवार सोडा. हे म्हटलं की मंडळात लगेच कुरकुर सुरू होते. होऊ द्या. रजा काढता येते, ओहोटी काढता येत नाही.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात खडपावर जायचा विषयच नाही.

गाडी. आम्ही राधानगरी-फोंडा मार्गे गेलो. रात्रीचं जाणार असाल तर चालकाला दाजीपूरच्या पट्ट्यात हळू घ्यायला सांगा, गवा वळणावर उभा असला तर तो बाजूला होत नाही, आपणच थांबायचं. गगनबावड्यावरून जायचं तर करूळ घाट चालू आहे का हे आदल्या दिवशी विचारा. निघायची वेळ उलटी मोजत या: ओहोटी आठची, तर खडपावर सव्वासहाला हजर. पाणी उतरत असताना त्याच्या मागोमाग खाली जायचं असतं. ओहोटीच्या क्षणाला पोचलात तर अर्धा खेळ संपलेला असतो. ओहोटीची वेळ गाडीवाल्यालाही सांगा, त्याला लिहून द्या. "वाटेत चहा घेऊया की" असं म्हणणारा एक तरी निघतोच, आणि तो चहा पाऊण तासाचा होतो.

पायात जुने कॅनव्हासचे बूट, नाडीवाले. सँडल नको, स्लीपर नको. कोल्हापुरी तर नकोच नको. आमच्यात एकानं हौसेनं घातली होती, शेवाळावर पहिल्याच पावलाला बसला, आणि खारं पाणी लागलेलं ते चामडं नंतर पापडासारखं झालं. कातळाला कालवं, म्हणजे एक प्रकारचे शिंपले, चिकटलेली असतात, त्यांची कड ब्लेडसारखी; हात टेकवायचा तर बघून टेकवा. पातळ सुती हातमोजे असले तर बरं. टोपी, पाणी वगैरे सांगायला नको.

भिंग, वही, आणि पेन्सिल. पेन नाही, ओल्या कागदावर पेन चालत नाही. एक पांढरा पसरट डबा न्या, श्रीखंडाचा चालेल. त्यात डबक्यातलं पाणी घेऊन जीव दोन मिनिटं ठेवला की पांढऱ्या तळावर नीट दिसतो. नंतर जिथून घेतला त्याच डबक्यात परत. दगड उलटलात तर होता तसा पुन्हा पालथा घाला. खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात मरतात, आणि दगडाच्या वर राहणारे खाली दबून मरतात. ही गोष्ट पोरं एकदा सांगितली की पाळतात, मोठ्यांना तीनदा सांगावी लागते. फोन प्लास्टिकच्या पिशवीत.

शंख-शिंपले घरी आणायचे नाहीत. रिकामा शंखसुद्धा शंखवासी खेकड्याचं पुढचं घर असतं. आणि मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचं पाणी त्यातच येतं. प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, उचलला आणि पिशवीत टाकला असं चालत नाही. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख दिसला तर हातातही घेऊ नका. आत जिवंत असला तर विषारी दंश करतो, काही जातींचा जीवघेणाही असतो.

औषधाच्या डब्यात पट्टी, आयोडीन. जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा, बाटलीतलं गोडं पाणी ओतू नका, आग वाढते. पाकट माशाच्या शेपटीचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे न्यायचं. म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी. आमच्या थर्मासमध्ये चहा होता.

पोरांना एक सोपा नियम द्या: समुद्राकडे पाठ करायची नाही. एका माणसानं काही बघायचं नाही, फक्त पाण्याकडे आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायचं. ओहोटीची वेळ झाली की त्यानं शिट्टी वाजवायची आणि सगळ्यांनी वर सरकायला लागायचं. पाणी आधी रेंगाळतं, माणूस निर्धास्त होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला ते सगळ्यात वेगानं चढतं. तोही तास तक्त्यावरूनच कळतो. तक्ता छापून खिशात ठेवा, फोनवर नको, फोन पिशवीत आहे.

नाष्टा: भाकरी, चटणी, उकडलेली अंडी. खडपावर खायचं नाही. कचरा परत.

दुपारी झोपाळू होतात सगळे. नोंदी जेवणाआधी एकत्र करून घ्या, घरी गेल्यावर कोणी पाठवत नाही. फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर, टाकायचं काम एकालाच द्या.

परतताना बूट वेगळ्या पोत्यात, नाहीतर फोंडा घाट चढेपर्यंत गाडीत बसवत नाही. सीटवर टाकायला जुन्या चादरी. वर्गणी जातानाच गोळा करा.

आणि तारीख ग्रुपवर टाकायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथी बघा. मला फोन करून विचारलंत तरी चालेल, फक्त दशमी सांगू नका.